ट्यूब गेलेली नव्हती

"मॉनिटरची पिक्चर ट्यूब गेलीय, भंगारात द्या," असं मॅडमना आधीच कुणीतरी सांगून टाकलं होतं. तरी त्या बीबीसी मायक्रो हा जुना संगणक आणि त्याचा बारा इंची हिरवा मॉनिटर रिक्षात घालून आमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आल्या. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना हे संगणक मिळाले होते. त्यांच्या शाळेनं जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा यांनी हा घरी आणला.

चालू केल्यावर संगणकानं दोन सूर काढले, आधी खालचा, मग वरचा. म्हणजे तो ठीक होता. पडद्यावर मात्र मधोमध एक आडवी हिरवी रेघ. मी आधी ब्राइटनेस खाली आणला. सगळा इलेक्ट्रॉन बीम एकाच जागी पडत राहिला तर पडद्यावरचा चमकणारा लेप, फॉस्फर, जळतो, आणि तो डाग काही केल्या जात नाही.

"मॅडम, ट्यूब ठणठणीत आहे."

"अहो, पण दिसत तर काहीच नाही!"

रेघ दिसत होती, तेच पुरेसं होतं. ट्यूबचा हीटर, ईएचटी म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज, बीम आडवा फिरवणारा लाइन सेक्शन, यातलं काहीही बंद असतं तर तीही उमटली नसती. गेलं होतं ते फक्त व्हर्टिकल, म्हणजे बीम वर-खाली फिरवणारा भाग. स्कॅनिंग आपल्या जुन्या टीव्हीसारखंच, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे बीमच्या वरून खाली ५० फेऱ्या. या भागाचा आयसीही ओळखीचा, टीडीए ११७०. सप्लाय येत होता. मॉनिटर बंद करून योकची, म्हणजे ट्यूबच्या मानेवरची बीम वळवणारी, कॉइल मीटरवर पाहिली, तीही चांगली. पुष्कळ जण इथे आयसीच बदलून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप दुकानात नाही. छोट्या ऑडिओ ॲम्प्लिफायरला पुढे कंडेन्सर लावून त्याची वायर मी जागोजागी टेकवत जातो, सिग्नल असेल तिथे आवाज येतो. (आत मेन्स ट्रान्सफॉर्मर होता, चॅसिस लाइव्ह, म्हणजे मेन्सशी थेट जोडलेलं, नव्हतं, म्हणून हे चाललं. टीव्हीवर आंधळेपणानं करू नये.) आयसीच्या चार नंबरच्या पायावर, म्हणजे आउटपुटवर, खरखरीत घुर्रर्र. तिथून योककडे सिग्नल नेणाऱ्या कपलिंग कंडेन्सरच्या पुढेही तेच. योकच्या कनेक्टरपाशी ट्रॅकवर टेकवलं, घुर्रर्र. तिथेच, पिनेवर टेकवलं, काही नाही. भिंग लावल्यावर पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा. जुनं शिसं ओढून काढलं, पिन खरवडली, नवं भरलं.

पडदा उघडला: 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक'. मॅडमनी दोन ओळींचा प्रोग्रॅम टाकून पडदाभर अक्षरं आणली, आणि खालच्या ओळी चेपलेल्या दिसल्या. कपलिंग कंडेन्सर सुकलेला होता. तो बदलला, चित्राची हाइट आणि ओळी सारख्या करणारी लिनिअ‍ॅरिटी जुळवली.

मी झाकण लावतोय तोवर मॅडमनी पिशवीतून कॅसेट रेकॉर्डर काढला. प्रोग्रॅम सगळे कॅसेटवर होते, आणि आतला बेल्ट विरघळून पुलीला चिकटला होता.

"हा ठेवून जा," मी म्हटलं. "बेल्ट मिळेल, पण साफ करायलाच वेळ जाईल."