लिएज : जुन्या नळीवरचे शिक्के

ब्रुसेल्सहून रेल्वेनं तासाभरात लिएज येतं. बेल्जियम पाहायला येणारे बहुतेक जण ब्रूजला जातात, इकडे फिरकत नाहीत. पण जुन्या बंदुकांची आवड असेल तर आधी इथंच यावं, असं माझं ठाम मत आहे.

म्यूज नदीच्या काठावर ग्राँ क्युर्तियुस नावाचं संग्रहालय आहे. त्यातला लाल वाडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झाँ क्युर्तियुसनं बांधला. स्पॅनिश फौजांना बंदुकीची दारू पुरवून हा माणूस गडगंज झाला होता. शस्त्रांच्या दालनात चकमकीच्या आणि ठासणीच्या बंदुकांपासून पुढचा सगळा प्रवास मांडलेला आहे. तिथं माझा सगळा वेळ नळ्यांवरचे बारीक शिक्के पाहण्यात गेला. १६७२ पासून या शहरात नळ्यांची परीक्षा होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवायचा, नळी टिकली तरच शिक्का. लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरं असतात आणि वर मुकुट असेल तर ती नळी १८९३ नंतर तपासलेली.

मावसभावाच्या ओळखीनं एका निवृत्त कारागिरांच्या घरी जायला मिळालं. त्यांची दुनळी दमास्कस नळ्यांची होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेल्या अशा नळ्या जवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यात बनत. त्यांनी नळ्या दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. घंटेसारखा स्वच्छ नाद आला. म्हणजे दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली नाही, एवढंच. पिळांच्या सांध्यात आत गंज असेल तर तो या नादावरून कळत नाही. म्हणून मग नळीच्या भिंतीची जाडी ठिकठिकाणी मोजली.

त्यानंतर काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची लांबी. इथं खरा धोका आहे. जुन्या बंदुकांत हे घर बरेचदा ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. शिवाय आतली दारू आजची, धूरविरहित. नळीवर सिंह आणि पी, व्ही ही अक्षरं नसतील, तर ती नळी या दारूसाठी तपासलेली आहे असं धरूच नये. म्हणूनच ते काडतुसं स्वतः भरतात. टेबलावर दुसरं काही नाही, दारूचा डबा उघडला की लगेच बंद. कागदी पुंगळीत नवी टोपी (ठोका बसला की दारू पेटवणारी), मापानं काळी, म्हणजे जुन्या पद्धतीची धुराची दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग फेल्टची जाड चकती, छर्रे आणि शेवटी पातळ पुठ्ठा. प्लॅस्टिक अजिबात नाही, कारण काळ्या दारूच्या बारात ते वितळून नळीला चिकटतं. काळ्या दारूच्या मापानं धूरविरहित दारू भरली तर नळी फुटते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. शेवटी पुंगळीची कड आत वळवायला टेबलाला आवळलेलं, शेवयांच्या यंत्रासारखं हातानं फिरवायचं छोटं यंत्र.

(आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.)

दुपारी मैदानावर पहिला बार त्यांनी बंदूक तिवईला बांधून, दूर उभं राहून दोरीनं उडवला. पुंगळी तपासली, नळीत डोकावून पाहिलं, मगच बंदूक खांद्याला लावली. पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा दर्प! धक्का बसतो, पण सावकाश ढकलल्यासारखा. घरी आल्यावर चहाआधी नळ्या गरम पाण्यानं धुतल्या, कारण काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि गंज लगेच धरतो.

त्यांच्याकडची दुसरी दुनळी जास्त देखणी होती, तिच्यावर नक्षीही सुरेख. पण कुणीतरी मागाहून तिचं ६५चं घर कोरून ७०चं केलं होतं. धातू कमी झाला, म्हणजे जुना शिक्का बाद. परीक्षागृहात पुन्हा तपासणी होईपर्यंत तिच्यातून एकही बार काढायचा नाही, असं त्यांनी तिच्या दस्त्याला चिठ्ठी बांधून लिहून ठेवलंय.