पंच्याहत्तर की पंच्याऐंशी?

फेब्रुवारी, द्राक्षाचा ऐन हंगाम. अंबडच्या आमच्या ऑफिसातून बागायतदाराला भाव सांगितला ‘पंच्याहत्तर’, त्याला ऐकू गेलं नुसतं ‘पंच्या...’, आणि त्याने धरला पंच्याऐंशी. त्यावरून जे झालं ते जाऊ दे. शेठ म्हणाले, “लाईन वाढवून घे ना बाबा.”

इंटरनेटची लाईन वीस एमबीपीएसची, आणि तिच्यावरच चालणारे फोन बारा. जी.७११ कोडेकवर (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) एका कॉलला इथरनेटसकट साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे बाराही फोन चालू असले तरी एक एमबीपीएसच्या आसपास. मग तुटतं कुठे? समोरच्याचा आवाज आम्हाला स्वच्छ यायचा, आमचाच तुटत जायचा, आणि तोही दुपारी चारनंतर. चारला पेट्यांचे फोटो आणि सीसीटीव्हीचा बॅकअप वर चढायला लागतो. अपलोड तुंबत होतं.

राउटर मायक्रोटिकचा. आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे डेटाच्या छोट्या पुड्यांना, डीएससीपी ४६ची (‘आधी सोडा’ अशी) खूण केली, त्यांची रांग वेगळी काढून पहिला नंबर दिला. काही फरक नाही. दोन दिवस मी प्रोव्हायडरच्या नावाने बोटं मोडत होतो.

तिसऱ्या दिवशी कॉल चालू ठेवून मँगलचा, म्हणजे राउटरमधल्या ती खूण करणाऱ्या नियमांचा, काउंटर बघत बसलो. वीस मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे एका बाजूने सेकंदाला पन्नास दिसायला हवीत. काउंटर चार-पाचवर जाऊन ठप्प! राउटरमधला फास्टट्रॅक चालू होता. राउटरवरचा ताण वाचवायला तो पॅकेटांना आडवाटेने काढतो, आणि त्या वाटेवर मँगल लागतच नाही. माझे नियम बरोबर होते, पण पॅकेटं त्यांच्या दारावरून जातच नव्हती. फास्टट्रॅकचा नियम बंद केला. सीपीयू थोडा चढला, चालायचंच.

दुसरी चूक माझीच. एकूण अपलोडला मर्यादाच घातली नव्हती, त्यामुळे गर्दी व्हायची ती प्रोव्हायडरच्या डब्यात, आणि तिथे माझा अग्रक्रम कोण विचारतो? अपलोड अठरा एमबीपीएसवर बांधलं तेव्हा रांग आमच्या राउटरमध्ये लागायला लागली. मुद्दाम एक मोठी फाईल वर चढवत पिंग लावला, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. आधी चारशे मिलिसेकंदांच्या घरात जायचा, आता तीस-पस्तीस. तसाच फोन लावून हिशेबाच्या ताईंना आकडे वाचून दाखवायला सांगितलं. पंच्याहत्तर पंच्याहत्तरच ऐकू आलं.

शेठ मात्र डेस्कवरचा फोन उचलतच नाहीत, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. ते कॉल अजून फोटोंच्याच रांगेत आहेत. त्यांना सांगितलेलं नाही.