पहिली पंगत

माघात जिजी गेली. वय ९१. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. थोरले काका लहानपणी तिला जिजी म्हणायला लागले आणि मग घर, गल्ली, दूधवाला, सगळ्यांचीच ती जिजी झाली.

तिची ट्रंक उघडली तर तळाशी वारीची पिशवी निघाली. एक वाकळ, बुक्क्याची डबी आणि कडेला पोचा आलेलं स्टीलचं ताट. ताटावर तिचं कोरलेलं नाव झिजून निम्मंच उरलेलं. हे ताट मी घरात कधीच पाहिलं नव्हतं. घरी जिजी पातेल्यातच भात कालवून खायची, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, चुलीकडे तोंड करून. कुणी म्हणालंच, "जिजी, बस की आता," तर उत्तर ठरलेलं, "तुमचं होऊ द्या आधी."

१९७६ पासून ३१ वाऱ्या तिने केल्या. गुडघे गेले तेव्हा थांबली. २०२० साली पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. टीव्हीवर ते बघून म्हणाली, "एसटीनंच जायचं हुतं तर मलाबी न्यायचं की!"

यंदा मी जाते म्हटलं. ऑफिसातून दहाच दिवस रजा मिळाली, म्हणून आळंदीपासून नाही, लोणंदपासून चालायला लागले. अर्धी वारीच म्हणायची. दिंडी जिजीचीच. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाचे पैसे भरले, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकली आणि नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाच सोलून काढली. शेजारच्या बाईंनी माझ्या पायाकडे एकदा बघितलं. "चप्पल घाल माउली, बुटाचं कौतुक घरी करायचं."

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. दोन अश्व दिंड्यांमधून दौडत गेले आणि बायाबापड्या टापांखालच्या मातीसाठी वाकल्या. मी आधी मोबाइल काढला, मग आत ठेवला, तोवर घोडे गेलेले.

मला खरं धरून ठेवलं ते तरडगावच्या समाज आरतीने. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात, आरोळी देतात आणि क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मग आरती.

मला एकदम आमचं स्वयंपाकघर आठवलं. तीन सुना. एखादीचं बिनसलं की तिच्या हातातली भांडी जरा जास्तच वाजायची. जिजी जपाची माळ बाजूला ठेवायची, बाकीच्यांना बाहेर पाठवायची आणि त्या सुनेजवळ लसूण सोलत बसायची. काय बोलायची ते कुणालाच कळलं नाही. भांडी मात्र थांबायची. हे ती इथूनच शिकली असणार, माझी खात्री आहे.

चालताना ती तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिली. चौदाव्या वर्षी लग्न. पाच मुलं. ७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली, मिळालेली सुकडी पोरांना वाटली. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून काळं ते काळंच. पहिला पणतू झाला तेव्हा तिच्यावर सोन्याची फुलं उधळली, तर सोहळा आटोपताच तिने फुलं मोजली. एक कमी! रात्री अकरापर्यंत आख्खं घर बॅटऱ्या घेऊन जमिनीवर. फूल सापडलं तिच्याच अंबाड्यात.

बरडच्या मुक्कामी जेवणाची तयारी चालली होती. मी आपली वाढायला उभी राहिले, अंगवळणी पडलेलं. ताट पिशवीतून काढून बाजूला ठेवलं होतं. सांगोल्याकडच्या एक मावशी, अठ्ठ्याहत्तरच्या तरी असतील, ते ताट उचलून बोटाने पोचा चाचपत राहिल्या.

"हे जिजीचं न्हवं?"

"मी तिची नात."

"गेली व्हय?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग हसल्याच. "लई खट म्हातारी. पयली पंगत कदी सोडली न्हाय. आमी हातपाय धुतोय तवर ही ताट मांडून बसलेली! म्हणायची, घरी सतरा जण माझ्या आदी जेवत्यात, हितं माझ्या आदी फक्त माउली. आन वाढप्याला काय दरडावायची, आमटी ढवळून घाल म्हणून."

मला ते चित्र डोळ्यासमोर आणताच येईना. आम्ही समजायचो, जिजी विठ्ठलाला भेटायला जाते. जातही असेल. पण वर्षातले अठरा दिवस कुणीतरी तिला गरम वाढत होतं, हे कधी तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

"वाढतीस काय? बस," मावशी म्हणाल्या. मी बसले. ताटात भात पडला, आमटी पोच्याच्या बाजूला वाहत गेली. पुंडलिकवरदाचा गजर झाला. पुढचे सगळे मुक्काम मी पहिल्या पंगतीतच जेवले आणि वाढप्याला ढवळून घालायलाही सांगितलं.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. चंद्रभागेत पाय बुडवले, कळसाला हात जोडले, रात्रीची गाडी धरली.

घरी पोचले तेव्हा जेवणंच चालली होती. ताट धुऊन घेतलं, पाटासमोर मांडलं आणि आईला मावशींची गोष्ट सांगितली. आई पोळीचं कालथं हातात धरून ऐकत होती.

"जिजी? पहिल्या पंगतीला?"

"हो. आता तू बस. हे ताट घे."

तिने ताटाकडे बघितलं, तव्याकडे बघितलं.

"बसते गं. तुमचं होऊ दे आधी."