तुम्ही विचारलंत म्हणून: न विसरणारी मेमरी असताना रॅम कशाला?

प्रश्न नेहमीचाच. फ्लॅश मेमरी वीज गेली तरी काही विसरत नाही, नुसती पडून असताना वीजही जवळजवळ खात नाही. मग विसराळू रॅम हवीच कशाला? सगळं फ्लॅशमध्येच ठेवा की!

ठेवून बघा. छोट्या यंत्रांत असते ती नॉर फ्लॅश घेऊ. तिच्यात १ चा ० कधीही करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर ४ किलोबाइटचा अख्खा सेक्टर, म्हणजे एकदम पुसला जाणारा मेमरीचा तुकडा, पुसावा लागतो. पुसायला ४५ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि एक सेक्टर साधारण १ लाख वेळा पुसता येतो. दर सेकंदाला वाढणारा काउंटर एकाच जागी पुसून लिहीत राहिलात, तर १ लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. दुसऱ्याच दिवशी सेक्टरचं हमीचं आयुष्य संपलं. रॅममध्ये हेच काम नॅनोसेकंदांत होतं आणि झीज नाही.

रॅमची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. रॅमचे मुख्य प्रकार दोन, डीरॅम आणि एसरॅम. डीरॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्या कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागातला) चार्ज, आणि तो गळतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते, तुम्ही त्या डेटाकडे ढुंकून पाहत नसलात तरी. एसरॅमला हा उपद्व्याप नाही, पण एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात आणि विजेची थोडी गळती तिथेही आहेच.

म्हणून दोन्ही हव्यात, आणि खरा प्रश्न उरतो तो डेटा इकडून तिकडे कधी हलवायचा. समजा, यंत्र झोपवताना रॅममधलं सगळं फ्लॅशमध्ये उतरवायला आणि उठल्यावर परत आणायला मिळून २० जूल लागतात, आणि रॅम नुसती जिवंत ठेवायला २० मिलिवॉट. भागाकार केला की १००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटं. झोप त्याहून छोटी असेल तर रॅम चालू ठेवलेलीच स्वस्त. पाच-पाच मिनिटांनी उठणारं यंत्र दर वेळी फ्लॅशमध्ये उतरवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

नोंदी साठवायच्या असतील तर त्या रॅममध्ये जमवून एकदम लिहा. १६ बाइटची एक नोंद धरली तर १६ नोंदींत २५६ बाइटचं पान (फ्लॅशमध्ये एका दमात लिहिता येणारा तुकडा) भरतं, आणि पान लिहायला साधारण ०.७ मिलिसेकंद लागतात. इथे एक गैरसमज फार दिसतो. जमवून लिहिल्याने वीज वाचते, पण नोंदी तितक्याच असतील तर पुसण्यांची संख्या तीच राहते. झीज कमी होते ती नोंदी एकापुढे एक लिहिल्याने आणि सेक्टर आळीपाळीने वापरल्याने. दर सेकंदाला एक नोंद, तर एका सेक्टरात २५६ मावतात. १६ सेक्टर फिरवले की तेच १ लाख पुसणं तेरा वर्षं पुरतं.

आता वीज अचानक गेली तर? रॅममध्ये जमलेलं पान वाचवायला कपॅसिटर लागतो. वीज जातेय हे ३.० व्होल्टला कळलं आणि फ्लॅश २.७ पर्यंत चालते, म्हणजे हाताशी फक्त ०.३ व्होल्ट. प्रोसेसर धरून २५ मिलिअँपिअर आणि पान लिहायला डेटाशीटमधला कमाल वेळ ३ मिलिसेकंद धरला, तर २५० मायक्रोफॅरड लागतात. पण त्या क्षणी सेक्टर पुसायचा बाकी असेल, तर कमाल ४०० मिलिसेकंद, म्हणजे ३३,००० मायक्रोफॅरड! म्हणून पुढचा सेक्टर आधीच पुसून तयार ठेवायचा. हिशेब नेहमी कमाल वेळेवर करायचा, सरासरीवर नाही. सिरॅमिक कपॅसिटर असेल तर व्होल्टेज चढल्यावर त्याची क्षमता छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावरही येऊ शकते, तेही मोजा.

तरीही लिहिणं अर्ध्यात तुटू शकतं. उपाय जुना आहे आणि चोख आहे. दोन प्रती ठेवा, प्रत्येकीवर क्रमांक आणि सीआरसी, म्हणजे डेटा शाबूत आहे का हे ताडणारा, डेटावरूनच काढलेला आकडा. नेहमी जुनी प्रत खोडून तिथे नवी लिहा, सीआरसी सर्वांत शेवटी. यंत्र उठलं की ज्या प्रतीची सीआरसी जुळते आणि क्रमांक मोठा आहे, ती खरी.

‘मग एफरॅम?’ हा पुढचा प्रश्न. एफरॅम म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी, वेगळ्या जातीची मेमरी. ती पुसावी लागत नाही, झटपट लिहिते आणि लिहिण्याच्या फेऱ्या १० लाख कोटींच्या घरात. छोट्या सेन्सरसाठी उत्तमच, पण फ्लॅशच्या मानाने क्षमता कमी. तिचा सापळाही वेगळा आहे. एफरॅममधला काउंटर ४१ चा ४२ झाला आणि ‘काम झालं’ ही खूण लिहिण्याआधी वीज गेली. यंत्र उठून तेच काम पुन्हा करतं आणि काउंटर ४३ होतो. न विसरणारी मेमरी अर्धवट कामही विसरत नाही. म्हणून मधली आकडेमोड रॅममध्येच करा. मग नवा आकडा आणि कामाचा क्रमांक एकत्र, वरच्याच दोन प्रतींच्या रीतीने उतरवा.

चाचणीसाठी प्लग उपटून भागत नाही. रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) वीज तोडा आणि लिहायला सुरुवात झाल्यापासून तोडण्याचा क्षण दर वेळी १०० मायक्रोसेकंदांनी पुढे सरकवा. हजारेक फेऱ्या रात्रभर चालू द्या आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्ही प्रती वाचून बघा.