अण्णा नाईक, पुन्हा एकदा

आज ताप होता म्हणून ऑफिसला दांडी मारली आणि आईसोबत 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेचे जुने भाग बघत बसले. दुसरं पर्व, 2019 चं. आमची आई कुडाळची. तिला भुताचं काही पडलेलं नाही, तिचा डोळा माजघरावर. अण्णा नाईकांच्या बायकोने, माईने, चुलीतलं लाकूड पुढे ढकललं की ही इथून म्हणते, "अगो, धूर होतलो!"

2016 च्या पहिल्या पर्वात घरातले कर्ते अण्णा सुरुवातीलाच गेले, आणि तरी सगळ्या वाड्यावर त्यांचीच सत्ता. मला ती भीती जास्त आवडायची. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना मी दिवा लावून, घसा खाकरून जायचे (वय वर्षं 29!). दुसऱ्या पर्वात मागची गोष्ट दाखवली तेव्हा कळलं, भुतापेक्षा जिवंत अण्णा भयंकर. अण्णा झालेले माधव अभ्यंकर नुसते झोपाळ्यावर बसून बघायचे तरी पोटात गोळा यायचा. अण्णांच्या प्रेयसीचं, शेवंताचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण माझ्या मते मालिका माईने तोलली.

तिसरं पर्व मात्र ताणलं. भूत रोज दिसायला लागलं की शेजारी होतं हो, त्याला कोण घाबरणार? त्यात शेवंताची नटीही मध्येच बदलली.

संध्याकाळी आईला औषधाची आठवण केली. गोळी हातात घेऊन मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूच्या थाटात म्हणते, "इसारलंय!"

गोळी माझी होती.