कृष्णपुरा छत्र्या, २७३ सेकंद : नोंद तिसरी

कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव होळकर यांच्या या छत्र्या, म्हणजे स्मारकं. शेजारी खान नदी, पुलावर इंदूरची न थांबणारी रहदारी. या खेपेला कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून एवढंच तपासायचं होतं: फोटोत उमटायचं तर माणसानं किती वेळ थांबायला हवं?

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ११, फिल्टरशिवाय कॅमेऱ्याचं मीटर सांगतं १/३० सेकंद. उजेड अडवणारा काळसर एनडी १००० फिल्टर (१० स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा) लावला की ३४ सेकंद. त्यावर एनडी ८ (आणखी ३ स्टॉप) चढवला की २७३. फोकस आधी करून लेन्स मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर; नंतर समोर काळोखच दिसतो. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर काळ्या टेपनं झाका, मागून उजेड शिरतो.

३४ सेकंदांत चालणारे पुसले जातात, घुटमळणारे धुरासारखे राहतात. २७३ मध्ये तेही गेले. मग पायरीवर एकाला घड्याळ लावून बसवलं. ३० सेकंद बसला तर उजेडाचा जेमतेम नववा हिस्सा त्याचा. डोळे ताणले तरच दिसतो. १३५ सेकंदांत अर्धामुर्धा, अंगातून दगडांचे सांधे दिसतात. पण कपडे घात करतात. सावलीतल्या दगडापुढे पांढरा सदरा ३० सेकंदांतही उठून दिसला. काळा शर्ट निम्मा वेळ बसूनही दगडात विरला. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या डागेरच्या १८३८ च्या पॅरिसच्या रस्त्याच्या फोटोत हेच झालंय: घोडागाड्या गायब, उरला तो बूट पॉलिशला थांबलेला गिऱ्हाईक. हेडलाइट मात्र या हिशेबात बसत नाहीत. गाडी दिसत नाही, दिव्याची रेघ राहते.

पहिल्या दोन संध्याकाळी पुलावर ट्रायपॉड ठेवल्यानं वाया गेल्या. बस गेली की पूल थरथरतो आणि कळसाच्या कडा दुहेरी येतात. आता ट्रायपॉड काठावर, मधला दांडा पूर्ण खाली.

मावळतीला शटर उघडं असतानाच उजेड उतरतो, म्हणून २७३ ऐवजी ३६० सेकंद धरा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (शटर बराच वेळ उघडं राहिल्यानं येणारे ठिपके काढायची कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवलं तर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा अडकून पडतो आणि तेवढ्यात संध्याकाळ संपते. ते बंद ठेवून शेवटी झाकण लावून तितक्याच वेळाची एक काळी फ्रेम घ्या, घरी वजा करा.

कळसाजवळचे दोन राखाडी ठिपके सेन्सरवरची धूळ समजून पुसू नका. पुढच्या फ्रेममध्ये ते नाहीत. कबुतरं आहेत.