बावीस अक्षरांचं गाव: मकनाहेडरडॉहॉलिया

गेल्या रविवारी गॉलवेहून कामसकडे गेलो होतो, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारात, खास एका नावासाठी. मकनाहेडरडॉहॉलिया. इंग्रजीत लिहिलं की सलग बावीस अक्षरं, म्हणून ते आयर्लंडचं सगळ्यात लांब गावनाव म्हणून फेमस आहे आणि लोक ते फक्त जीभ अडखळते म्हणून एकमेकांना वाचायला देतात, मला ते खरंच आवडत नाही, कारण मूळ नाव इतकं साधं आणि सुंदर आहे.

आयरिशमध्ये ते चार शब्द आहेत. मुइकनख इदिर घा हाल्या. मुक म्हणजे डुक्कर, त्यावरून मुइकनखचे दोन अर्थ सांगतात, डुकरांची पाणथळ जागा किंवा डुकराच्या पाठीसारखा उंचवटा. इदिर म्हणजे मध्ये, घा म्हणजे दोन, आणि साल्या म्हणजे खारं पाणी, पण 'दोन'च्या पुढे आलं की स चा ह होतो. म्हणजे दोन खाड्यांमधला उंचवटा, बस! कोकणातल्या माणसाला तर लगेच कळेल.

गाव म्हटलं तरी तिथे पार, बाजार असलं काही नाही. याला टाउनलँड म्हणतात, आपल्या शिवारासारखं, जमिनीचा नाव असलेला तुकडा, आणि आयर्लंडभर असे साठ हजारांवर आहेत. 1824 ते 1846 मध्ये ब्रिटिशांनी सगळ्या देशाची मोजणी केली तेव्हा जॉन ओ'डॉनव्हनसारखे अभ्यासक गावोगाव हिंडून लोक नाव कसं उच्चारतात ते ऐकत होते, आणि मग ते इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवलं जायचं. इथे तो 'ह' सुद्धा स्पेलिंगमध्ये उतरलाय बघा, म्हणजे कान नीट लावला होता, पण शब्द एकमेकांना चिकटवले आणि अर्थ गेला. आपल्या शीवचं सायन झालं आणि त्यातली हद्द कुणाला दिसेनाशी झाली, तसंच.

2005 पासून या आयरिशभाषिक पट्ट्यात आयरिश नावंच अधिकृत आहेत, ते फार बरं झालं.

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. दगडी कुंपणं पार पाण्यापर्यंत उतरलेली, खडकांवर पिवळट तपकिरी समुद्री शेवाळ, पूर्वी हेच काढून बटाट्याच्या वाफ्यात खत म्हणून घालायचे. उंचवट्यावर उभा राहिलो, डावीकडे खाडी, उजवीकडे खाडी, आणि मोठ्याने म्हटलं, इदिर घा हाल्या.